कंपायलरचा इशारा आणि प्रोग्रॅमरचे उत्तरदायित्व



ज्या दिवंगत अध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपले आयुष्य विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या शिकविण्यात वेचले. म्हणून एरवी सार्वजनिक व्यासपीठावर ज्याची चर्चा सहसा होत नाही असा एक विषय आज मी हेतुपुरस्सर निवडला आहे. सी या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविताना कंपायलर जे इशारे देतो, ज्यांना आपण सारे वॉर्निंग म्हणून ओळखतो, त्यांची खरी उपयुक्तता किती, हा तो विषय होय. केवळ या व्यवसायातील मंडळींनी आपसांत सोडवावा असा हा प्रश्न आहे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु लिनक्सचा गाभा याच भाषेत लिहिलेला आहे, अँड्रॉइडचे मोबाइल त्याच गाभ्यावर चालतात, आणि आपली मुले हल्ली शाळेतच शिकू लागली आहेत त्या पायथॉनचा प्रचलित इंटरप्रिटरही सीमध्येच रचलेला आहे. या भाषेच्या लेखनात जे दोष राहतात त्यांचे परिणाम, ज्यांनी सीचे नावही ऐकलेले नाही अशा कोट्यवधी लोकांना भोगावे लागतात. म्हणून त्या दोषांविषयीची पहिली सूचना ज्याच्याकडून येते त्या साधनाचे मूल्यमापन करणे हे मी सार्वजनिक कार्यच मानतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कंपायलर एरर देतो तेव्हा तो काम करण्याचे नाकारतो. वॉर्निंग देतो तेव्हा काम तर पुरे करतो, परंतु कचेरीतील एखाद्या जुन्या, अनुभवी कारकुनाने कागद पुढे पाठविताना समासात आपला शेरा नोंदवून ठेवावा, तशी शंका नोंदवून ठेवतो. आता पुष्कळांची अशी समजूत असते की एरर म्हणजे नियमभंग आणि वॉर्निंग म्हणजे केवळ अभिरुचीचा प्रश्न. ही समजूत चुकीची आहे. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात हा भेदच केलेला नाही. भाषेचे विशिष्ट निर्बंध मोडले गेले तर कंपायलरने त्याबद्दल काहीतरी निवेदन केले पाहिजे एवढेच तो ग्रंथ सांगतो. त्यानंतर काम थांबवावे की चालू ठेवावे हे कंपायलर रचणाऱ्यावर सोडलेले आहे. परिणामी भाषेच्या कायद्याचा उघड भंग हा वर्षानुवर्षे केवळ वॉर्निंगच्या वेषात वावरू शकतो, आणि तो तसा वावरला, हे मी आज थोड्या विस्ताराने सांगणार आहे.

ही परिस्थिती का उद्भवली हे समजण्यासाठी आपल्याला न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जावे लागेल. डेनिस रिची यांनी केन टॉम्प्सन यांच्या बी या भाषेतून सी घडविली. बीमध्ये मूल्यांना प्रकारच नव्हते. जे काही होते ते यंत्राचा एक शब्द. सीमध्ये प्रकार आले, परंतु जुन्या प्रोग्रॅमांचे व्यवहार अडू नयेत म्हणून ते पुष्कळ सैल ठेवले गेले. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे सारे चालले त्यावर पूर्णांक सोळा बिटांचा आणि स्मृतीतील पत्ता, म्हणजे पॉइंटर, हाही सोळा बिटांचा. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा वापरला तरी बिघडत काहीच नसे. पुढे १९७७–७८ च्या सुमारास युनिक्सचे संपूर्ण बिऱ्हाड इंटरडेटा ८/३२ या बत्तीस बिटांच्या यंत्रावर हलविण्याचा उद्योग झाला, तेव्हा ज्या सवयी आजवर निरुपद्रवी वाटत होत्या त्या एकामागून एक दोष म्हणून उघडकीला आल्या. त्याच काळात स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम तयार केला. सीचे लेखन वाचावयाचे, त्यातून यंत्रभाषेचे एक अक्षरही निर्माण करावयाचे नाही, आणि जे जे संशयास्पद दिसेल ते सांगावयाचे, एवढेच त्याचे काम होते.

ही विभागणी त्या काळाला धरून होती. यंत्रे लहान होती, स्मृती तुटपुंजी होती आणि कंपायलर जलद चालणे अगत्याचे होते. सखोल तपासणीचा भार वेगळ्या प्रोग्रॅमवर टाकणे यात शहाणपणच होते. परंतु या शहाणपणाच्या निर्णयातून एक दीर्घजीवी शिरस्ता जन्माला आला, तो असा की प्रोग्रॅम चालणे हे एक कार्य आणि तो तपासणे हे दुसरे, आणि दुसरे कार्य ज्याला सवड असेल त्याने करावे. प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवावा, हे सीच्या प्रमाणीकरणाचे काम पाहणाऱ्या समितीने स्वतःच नमूद केलेले तत्त्व. त्या तत्त्वात मला उदारता दिसते, आणि सीने जे अफाट कार्य केले ते या उदारतेवाचून झाले नसते असेही मी मानतो. परंतु ज्यावर विश्वास ठेवावयाचा त्याला किमान प्रश्न तरी विचारावेत, ही गोष्ट कंपायलरच्या अंगवळणी पडण्यास पुढे दोन-तीन दशके लागली.

आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाला एक विशेष जोड आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आणि तंत्रनिकेतनांतून सी भाषेशी पहिला परिचय झालेल्या काही पिढ्या टर्बो सी या बोरलँड कंपनीच्या साधनावर वाढल्या. १९८७ साली प्रथम बाजारात आलेले हे साधन आपल्या प्रयोगशाळांतून, जगाने ते बाजूला ठेवल्यानंतरही कितीतरी वर्षे, टिकून राहिले. निळ्या पडद्यावर मध्यभागी एक चौकट उमटत असे, तीत किती ओळी झाल्या, वॉर्निंग किती, एरर किती हे आकडे असत, आणि एररचा आकडा शून्य असला की विद्यार्थी निर्धास्त होऊन पुढे जात असे. टर्बो सी इशारे देत नसे असे मुळीच नाही. व्हेरिएबलला मूल्य देण्यापूर्वीच ते वापरले जाण्याचा संभव आहे, अटीमध्ये तुलनेऐवजी कदाचित चुकून मूल्यदान झाले आहे, फंक्शनने मूल्य परत करावयास हवे होते, असे नेमके आणि मार्मिक इशारे ते देत असे. ते वाचण्याची परंपरा मात्र आपल्याकडे निर्माण झाली नाही. आणि याचे कारण केवळ आळस नव्हे. टर्बो सी हेही सोळा बिटांचे होते. त्याच्या नेहमीच्या रचनेत पूर्णांक आणि पॉइंटर हे दोन्ही पुन्हा सोळाच बिटांचे. पीडीपी-११ वर ज्या चुका झाकल्या गेल्या होत्या त्याच, एका अर्थी, पुणे-नागपूरच्या प्रयोगशाळांत नव्याने झाकल्या गेल्या. ज्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने डोळ्यांदेखत काहीही बिघडत नाही, त्या इशाऱ्याला विद्यार्थ्याने महत्त्व द्यावे अशी अपेक्षा करणे अवघड आहे, हे शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे.

आता मी त्या एका इशाऱ्याकडे वळतो, ज्याच्या चरित्रात या साऱ्या प्रश्नाचे मर्म साठलेले आहे. जुन्या सीमध्ये एखादे फंक्शन, त्याची आगाऊ घोषणा न करता, बेलाशक वापरता येत असे. कंपायलरला ते अपरिचित असले तरी तो तक्रार करीत नसे. ते पूर्णांक परत करते असे स्वतःच गृहीत धरून तो पुढे जाई. फंक्शनांच्या घोषणा जिच्यात असतात ती हेडर फाइल जोडण्याचे राहून गेले, आणि ते फंक्शन वास्तविक पॉइंटर परत करणारे असले, तर काय होईल याचा विचार करा. आजच्या चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पत्ता चौसष्ट बिटांचा असतो आणि पूर्णांक मात्र बत्तिसांचा. परत आलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग कंपायलर छाटून टाकतो, उरलेल्या अर्ध्याला पुन्हा लांबवून पत्ता बनवितो, आणि प्रोग्रॅम त्या पत्त्यावर विश्वास ठेवून चालू लागतो. पत्ता लहान असेल तोवर सर्व सुरळीत चालते. तो मोठा झाला की प्रोग्रॅम कोसळतो, आणि कोसळतो तो मूळ चुकीच्या जागी न कोसळता दूर कोठेतरी, जेथे त्या पत्त्याचा प्रथम उपयोग होतो तेथे. ज्याने अशा दोषाचा माग काढला आहे त्याला विचारा. कंपायलरने दिलेली एक ओळ वाचण्यास लागणारा क्षण आणि तो माग काढण्यात जाणारे दिवस यांची तुलना तोच करू शकेल.

येथे एक सवय विशेष उल्लेखनीय आहे, कारण ती आपल्याकडच्या लेखनात फार आढळते. स्मृती मागून घेणाऱ्या मॅलॉक या फंक्शनने जे परत केले त्यावर स्पष्ट प्रकारांतर, ज्याला कास्ट म्हणतात, लिहिण्याची ती सवय. सीमध्ये त्याची आवश्यकता नाही. सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि तेथून वा फार जुन्या पुस्तकांतून ती सवय आलेली आहे. दिसावयास ती सावधपणाची वाटते. परंतु जुन्या कंपायलरवर, हेडर राहून गेलेले असताना, पूर्णांकाचा पॉइंटर केला जात आहे असा जो एकमेव इशारा मिळाला असता तो या कास्टमुळे मिळेनासा होई. कारण कास्ट लिहिणे याचा अर्थच असा, की मी हे जाणूनबुजून करीत आहे, त्याचा जाब मला विचारू नये. सावधपणाच्या बाह्य चिन्हाने प्रत्यक्ष सावधगिरीचे साधन बंद पाडावे, हा प्रकार मला नेहमीच चिंतनीय वाटत आला आहे.

१९९९ सालच्या प्रमाणग्रंथाने हा अघोषित फंक्शनांचा प्रकार भाषेतून काढून टाकला. कायदा बदलला, पण व्यवहार बदलला नाही. लक्षावधी ओळींचे जुने लेखन मोडू नये म्हणून कंपायलरांनी केवळ वॉर्निंग देऊन त्याला मुभा ठेवली, आणि ही मुभा सुमारे पाव शतक टिकली. २०२३ साली क्लँग या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने आणि २०२४ साली जीसीसी या कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीने ती रद्द करून त्या वॉर्निंगचे एररमध्ये रूपांतर केले. जीसीसीने तर पूर्णांक-पॉइंटरांची परस्पर अदलाबदल आणि विजोड प्रकारांचे पॉइंटर यांनाही त्याच पंक्तीत बसविले. त्याआधी फेडोरा आणि जेंटू या लिनक्स वितरणांच्या कार्यकर्त्यांना जुने प्रोग्रॅम एकेक उघडून दुरुस्त करीत बसावे लागले.

या दुरुस्तीत एक अडचण अशी होती की ती पाहून मी स्वतः थक्क झालो. युनिक्स परंपरेतील पुष्कळ प्रोग्रॅम बांधले जाण्यापूर्वी एक तपासणी चालते, जी लहान लहान नमुना-प्रोग्रॅम कंपाइल करून पाहते. नमुना कंपाइल झाला तर अमुक सोय या यंत्रावर उपलब्ध आहे असे ती ठरविते, न झाला तर नाही असे. आता हे नमुने स्वतःच जुन्या, सैल पद्धतीने लिहिलेले होते. वॉर्निंग होती तोवर ते कंपाइल होत. एरर झाल्याबरोबर ते नापास होऊ लागले, आणि त्या तपासणीने निमूटपणे असा निष्कर्ष काढला, की यंत्रावर ती सोयच नाही. प्रोग्रॅम तरीही बांधला गेला, कोणतीही तक्रार पडद्यावर आली नाही, फक्त त्यातील एखादे अंग गळून पडले. वॉर्निंग सक्तीची केली की प्रश्न मिटतो असे ज्यांना वाटते त्यांनी या उदाहरणाचे मनन करावे. पंचवीस वर्षे न दिलेल्या उत्तराची थकबाकी एका हुकमाने वसूल होत नाही. ती वसूल करणाऱ्याला प्रत्येक दप्तर उघडून पाहावे लागते.

इशारा मनुष्याच्या हेतूविषयी काही जाणत नाही, तो केवळ लेखन पाहतो, हे सत्य फार ठळकपणे दाखविणारी एक घटना २००३ च्या नोव्हेंबरात घडली. लिनक्सच्या गाभ्याच्या एका सार्वजनिक प्रतीत कोणीतरी चोरून दोन ओळी घुसविल्या. विशिष्ट पर्याय एकत्र आले आणि चालू प्रोग्रॅमच्या मालकाचा क्रमांक शून्य असला तर चूक कळवावी, अशा अर्थाचे ते लेखन दिसत होते. वस्तुतः तुलनेची दोन बरोबर-चिन्हे लिहावयाच्या जागी एकच चिन्ह लिहिलेले होते, म्हणजे मालकाचा क्रमांक तपासला जात नव्हता, तो शून्य केला जात होता, आणि शून्य हा सर्वाधिकारी वापरकर्त्याचा क्रमांक आहे. अटीमध्ये असे मूल्यदान आढळले तर जीसीसी इशारा देतो. परंतु ते हेतुपूर्वक केले असल्यास भोवती जादा कंस घालावा, मग इशारा दिला जाणार नाही, असा एक संकेत आहे. घुसखोराच्या लेखनात ते कंस होते. प्रामाणिक प्रोग्रॅमरला आपला हेतू कळविता यावा म्हणून ठेवलेली वाट अप्रामाणिकालाही तितकीच मोकळी असते. ही घुसखोरी पकडली गेली ती कंपायलरमुळे नव्हे, तर मूळ भांडार आणि त्याची प्रत यांच्या नोंदी जुळत नाहीत हे भांडार सांभाळणाऱ्यांच्या ध्यानात आल्यामुळे.

परंतु दुष्टबुद्धीपेक्षा सद्बुद्धीने झालेली हानी मला अधिक विचारार्ह वाटते, आणि तिचे उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणातील ओपनएसएसएल या ग्रंथालयाचे आहे. गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारे यदृच्छ अंक या ग्रंथालयातून येतात. व्हॅलग्रिंड नावाचे एक साधन आहे. ते कंपायलर नव्हे, प्रोग्रॅम चालत असताना त्याच्या स्मृतीवर ते नजर ठेवते. परंतु त्याच्या तक्रारींचा स्वभाव तोच. मूल्य न दिलेली स्मृती वाचली जात आहे, अशी तक्रार ते या ग्रंथालयाविषयी करीत असे. ती बंद करण्यासाठी २००६ साली डेबियनच्या प्रतीत दोन ओळी रद्द करण्यात आल्या. दोन्ही ओळी दिसावयास सारख्या होत्या. त्यांपैकी एक खरोखरच मूल्यहीन स्मृती मिसळत होती, आणि ती गेल्याने काही बिघडले नसते. दुसरी मात्र बाहेरून गोळा केलेली सर्व यादृच्छिकता साठ्यात मिसळणारी ओळ होती. ती गेल्यावर उरले काय, तर चालू प्रोग्रॅमचा अनुक्रमांक, ज्याची कमाल मर्यादा तेव्हा ३२,७६८ होती. म्हणजे एखाद्या विशिष्ट प्रकारच्या यंत्रावर, विशिष्ट प्रकारची आणि लांबीची किल्ली तयार केली, तर ती एवढ्याच किल्ल्यांपैकी एक असे, आणि त्या साऱ्या आधीच तयार करून ठेवणे कोणालाही शक्य होते. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर मधल्या जवळजवळ वीस महिन्यांत तयार झालेल्या किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या. ज्यांनी हा बदल केला त्यांनी तो करण्यापूर्वी मूळ प्रकल्पाच्या चर्चामंडळाकडे विचारणाही केली होती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. दोष एका व्यक्तीचा मानणे सोपे आहे; पण ज्या लेखनात आवश्यक आणि अनावश्यक अशा दोन क्रिया एकाच पोशाखात उभ्या केल्या होत्या, त्या लेखनाचाही यात वाटा आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. इशारा यावयास हवा होता आणि आला नाही, असेही घडते. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीने आपल्या फोनांसाठी एक तातडीची दुरुस्ती काढली. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये बाहेर पडण्याची एक ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली अटीखाली होती, दुसरी तिच्याच खाली, तितकीच आत सरकवून लिहिलेली, परंतु कोणत्याही अटीच्या अमलाखाली नसलेली. त्यामुळे प्रत्यक्ष सही तपासण्याच्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम कधी पोहोचतच नव्हता आणि तरीही यश कळवीत होता. पुढचे लेखन पोहोचण्याजोगे नाही, हे कंपायलर यांत्रिकपणे सांगू शकतो. क्लँगमध्ये तो इशारा होता, परंतु तो वेगळा मागावा लागे. डब्ल्यू-ऑल या पर्यायाने सर्व इशारे चालू होतात अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती निराधार असून, नित्याच्या उपयोगाचा एक संचच तेवढा त्याने चालू होतो. न पोहोचणाऱ्या लेखनाविषयीच्या त्या इशाऱ्याचा पर्याय तर जीसीसीने स्वीकारण्याचे चालू ठेवून त्यामागचे कार्य काही वर्षांपूर्वीच काढून टाकले होते. पुढे २०१६ मध्ये जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीत, फसव्या मांडणीविषयी म्हणजे आत सरकविलेल्या पण अटीखाली नसलेल्या ओळींविषयी, एक नवा इशारा नित्याच्या संचात आला. त्याहून गंभीर प्रकार २००९ सालचा. लिनक्सच्या गाभ्यात एका ठिकाणी पॉइंटर आधी वापरला होता आणि मग तो रिकामा आहे की काय हे तपासले होते. ज्याअर्थी तो आधीच वापरला त्याअर्थी तो रिकामा असूच शकत नाही, असा तर्क करून जीसीसीने ती तपासणीच अनावश्यक म्हणून गाळली. तर्क भाषेच्या नियमांना धरून होता, आणि त्याविषयी एक अक्षरही उच्चारले गेले नाही. कंपायलरचे मौन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, एवढे यावरून पक्के समजावे.

मग कंपायलर सर्वच काही का सांगत नाही? याचे एक उत्तर गणिताचे आहे. प्रोग्रॅम चालविल्यावाचून त्याच्या वर्तनाविषयीच्या प्रश्नांना सर्वकाळ अचूक उत्तर देणारी पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधापासून आपण जाणतो. तेव्हा प्रत्येक इशाऱ्याला दोन्हीपैकी एका बाजूला चुकणे भाग आहे: एक तर तो काही खरे दोष सोडील, किंवा काही निर्दोषांवर आळ घेईल. व्हेरिएबलला मूल्य न देताच वापरले असावे, असे सांगणारा इशारा या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. मनुष्याला दोन अटींमधील संबंध एका दृष्टिक्षेपात दिसतो. कंपायलरला तो दिसतोच असे नाही, आणि एका आवृत्तीत दिसलेला पुढच्या आवृत्तीत दिसेलच असेही नाही. या खोट्या आळांना कंटाळून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२० साली लिनक्सच्या नेहमीच्या बांधणीत तो इशारा बंद केला. मला तो निर्णय खेदकारक पण समर्थनीय वाटतो. दोषशोधक साधने विकणाऱ्या कव्हेरिटी या संस्थेच्या संस्थापकांनी २०१० साली आपल्या अनुभवावरून असे लिहिले आहे, की खोट्या तक्रारी तीस टक्क्यांच्या वर गेल्या की लोक साधनाकडे पाहीनासे होतात आणि खऱ्या तक्रारीही त्यांबरोबर बुडतात. ही मनुष्यस्वभावाची मर्यादा आहे आणि कोणत्याही उपदेशाने ती पालटणार नाही.

अशा वेळी प्रोग्रॅमर काय करतो, तर व्हेरिएबलला सुरुवातीलाच शून्य देऊन मोकळा होतो. इशारा तत्काळ जातो. पण त्याबरोबर, उद्या कोणी त्या फंक्शनमध्ये नवी वाट उघडली आणि तिच्यावर खरे मूल्य द्यावयाचे राहिले, तर ते सांगण्याचे कंपायलरचे सामर्थ्यही जाते. आणि चुकीचे शून्य मात्र अधिकृत मूल्य म्हणून पुढे चालते. शून्य हेच त्या ठिकाणी योग्य उत्तर असेल तर ते अवश्य लिहावे. नसेल, तर लेखनाची रचनाच अशी पालटावी की कंपायलरलाही अटींमधील संबंध दिसू लागेल; आणि माझा अनुभव असा, की कंपायलरला जे दिसत नव्हते ते पुढच्या वाचकालाही बहुधा दिसत नसते. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. इशारा हा लेखकाला विचारलेला प्रश्न आहे, त्याची किंमत त्याला मिळणाऱ्या उत्तरावर ठरते, आणि ते उत्तर लेखनात उमटले पाहिजे. स्विच या विधानातील एका प्रसंगातून, म्हणजे केसमधून, दुसऱ्यात मुद्दाम घसरावयाचे असेल तर तसे लिहिण्याची सोय आता भाषेनेच दिली आहे. लिनक्सच्या कार्यकर्त्यांनी अशा हजारो जागा एकेक तपासून तेथे तो हेतू नोंदविला, आणि तसे करताना लिहावयाचे विसरलेले कित्येक थांबे, म्हणजे ब्रेक, त्यांना सापडले.

आता प्रत्येक वॉर्निंगला एरर मानण्याच्या पर्यायाविषयी. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली, ज्यांच्यावर प्राण अवलंबून असतात अशा प्रोग्रॅमांसाठी दहा नियम प्रसिद्ध केले; त्यांतील शेवटचा असा, की पहिल्या दिवसापासून सर्व इशारे त्यांच्या कठोरतम पातळीवर चालू असावेत आणि लेखन एकाही इशाऱ्यावाचून कंपाइल झाले पाहिजे; कंपायलर गोंधळला असेल तर त्याचा गोंधळ दूर होईल असे लेखन पुन्हा करावे. ‘पहिल्या दिवसापासून’ या शब्दांत त्या नियमाचे सारे बळ आहे. शून्य इशाऱ्यांच्या पडद्यावर एक नवा इशारा उमटला तर तो तत्क्षणी दिसतो. चारशे इशाऱ्यांत चारशे एकावा कोणालाही दिसत नाही, मग तो कितीही प्राणघातक असो. म्हणून स्वतःच्या कार्यशाळेत, आपण निवडलेल्या एका कंपायलरच्या एका आवृत्तीवर, ही सक्ती मी निःसंकोचपणे उचित मानतो.

परंतु तीच सक्ती आपले मूळ लेखन दुसऱ्याच्या हाती देताना त्यात कोरून ठेवणे, हा मला अधिकाराचा अतिक्रम वाटतो. घेणाऱ्याकडे उद्या नवा कंपायलर असेल, तो आज अस्तित्वात नसलेले इशारे देईल, आणि काल उत्तम चालणारा प्रोग्रॅम केवळ नव्या शंकेमुळे बांधता येणार नाही. ज्याला त्या शंकेचे निरसन करता येण्यासारखे नाही अशा निरपराध माणसाचे काम अडेल. २०२१ च्या सप्टेंबरात टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या सर्व बांधण्यांना ही सक्ती लागू केली, तेव्हा निरनिराळ्या यंत्रांवरच्या आणि निरनिराळ्या कंपायलरांच्या बांधण्या भराभर अडू लागल्या, आणि अवघ्या काही दिवसांत ती सक्ती तपासणीसाठी होणाऱ्या बांधण्यांपुरती मर्यादित करावी लागली. एवढ्या शिस्तीच्या प्रकल्पाचा हा अनुभव लहान प्रकल्पांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शेवटी आपल्या शिक्षणसंस्थांकडे वळतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सीच्या नव्या प्रमाणग्रंथाने जुनी सैल फंक्शन-लेखनाची पद्धतही रद्द केली आहे. रिकाम्या कंसांचा अर्थ आता ‘वाटेल ती मूल्ये’ असा न राहता ‘एकही मूल्य नाही’ असा झाला आहे, आणि जीसीसीच्या १५ व्या आवृत्तीने हीच नवी भाषा आपली नित्याची म्हणून स्वीकारली आहे. जुन्या लेखनाची आणखी एक तुकडी त्यामुळे दुरुस्तीसाठी पुढे येईल, आणि ते काम आज प्रयोगशाळेत बसलेल्या मुलामुलींकडे जाईल. त्यांच्या जर्नलमध्ये प्रोग्रॅम आणि त्याचे आउटपुट एवढेच उतरविण्याचा प्रघात आहे. त्यात तिसरा रकाना असावा अशी माझी या सभागृहातील अध्यापकांना विनंती आहे. सर्व नित्याचे इशारे चालू ठेवून प्रोग्रॅम प्रथम कंपाइल केला तेव्हा काय काय इशारे आले, प्रत्येकाने कोणता प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरादाखल लेखनात कोणता बदल केला वा का केला नाही, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत, मराठीत लिहिले तरी चालेल, त्या रकान्यात लिहावे. जेथे इशारा खोटा होता असे त्याचे मत असेल तेथे ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच असावी आणि त्यासाठी त्याला अधिक गुण मिळावेत. तोंडी परीक्षेला आलेल्या बाह्य परीक्षकांनी आउटपुटचे पान उलटण्यापूर्वी हा रकाना वाचावा, आणि पहिला प्रश्न त्यातूनच विचारावा.